एक जून : गाडीचा वाढदिवस खरा, माणसांचा खोटा

(घाटकोपर येथे १ जून रोजी सायंकाळी भरलेल्या सभेत आम्ही केलेले भाषण. सभेस येऊ न शकलेल्या बंधूंनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत.)



आजच्या सभेचा मुहूर्त कोणा भटजीस विचारून काढलेला नाही. सभा ठरविणाऱ्या मंडळींनी आम्हांस सांगितले की, एक जूनला पुष्कळांचा वाढदिवस असतो, तेव्हा माणसे घरी सापडतील. आम्ही विचारले, पुष्कळांचा म्हणजे किती जणांचा? ते म्हणाले, चाळीत विचारीत गेलो तो दोन बिऱ्हाडांआड एकाचा निघाला. तेव्हा भाषणास आरंभ करण्यापूर्वी एक काम करू. ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून अशी लिहिलेली आहे त्यांनी हात वर करावे. लाजण्याचे कारण नाही. आमचाही हात वर आहे. (हशा.)

पाहा, निम्म्याच्या वर हात झाले. आता ज्यांना आईने स्वतः सांगितले आहे की, बाबा रे, तू खरोखरच मृग निघण्याच्या आधी आठवडाभर जन्मास आलास, तेवढ्यांनीच हात वर ठेवावे, बाकीच्यांनी खाली घ्यावे. दोन राहिले. त्यांतला एक हात अजून डळमळतो आहे. मावशी, तुम्ही घरी जाऊन थोरल्या बहिणीस विचारा. (हशा.)

हसू येते खरे, पण आम्ही आज बोलावयास उभे राहिलो ते ह्याच गोष्टीवर. वर्तमानपत्रांत रोज एक सदर असते, दिनविशेष. आजच्या तारखेस अमुक राजा जन्मला, तमुक लढाई झाली, अमका पुढारी वारला. आम्ही आजच्या तारखेची नोंद काढून पाहिली. तीत पुष्कळ काही आहे आणि त्यांतले काही आपल्या कामाचेही आहे. पण ज्या लाखो कुणब्या-माळ्यांच्या, साळ्या-तेल्यांच्या, महारा-मांगांच्या, सुतार-लोहार-कुंभारांच्या मुलांचे जन्म ह्या एका तारखेवर चढविले गेले, त्यांच्याविषयी तीत अक्षर नाही.

आधी ज्यांची तारीख खरी आहे त्यांच्याविषयी बोलू. आता पाच वाजले आहेत. सव्वापाचच्या सुमारास बोरीबंदराहून डेक्कन क्वीन सुटते आणि थोड्या वेळात ती आपल्या घाटकोपर स्टेशनातून न थांबता धाडधाड निघून जाईल. ही गाडी प्रथम सुटली ती १ जून १९३० रोजी. पुण्याच्या स्टेशनात दर वर्षी ह्या तारखेस तिला हार घालतात, केक कापतात, हौशी मंडळी जमतात. कापोत बापडे, आमचे काही म्हणणे नाही. पण ह्या वाढदिवसाच्या कौतुकात एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती आम्ही सांगतो. ही गाडी निघाली तेव्हा तिला पहिला वर्ग होता, दुसरा वर्ग होता; तिसरा वर्ग नव्हताच. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला लागला तो १९५५ सालच्या जूनमध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे ही राणी आपल्या वस्त्यांवरून गेली, पण गिरणीत साचे चालविणारा आणि पुण्याच्या मंडईत भाजीची पाटी नेणारा तीत पाय ठेवू शकत नव्हता. शर्यतीच्या घोड्यांवर पैसे लावणारे साहेब आणि शेटजी मात्र तीतून जात येत असत. स्वराज्य आले १९४७ साली, तिसरा वर्ग आला त्यानंतर आठ वर्षांनी.

ह्याच्या उलट दुसरी गाडी पाहा. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, सरकारी एस.टी.ची पहिली मोटार सुटली. तीत वर्गच नव्हते. ज्याने तिकिट काढले त्याने बसावे. पाटील खिडकीशी आणि त्याच बाकावर चांभार, असे गावाच्या चावडीत कधी न घडलेले दृश्य त्या मोटारीत घडू लागले. आपल्यातल्या किती जणांस मुंबईची वाट एस.टी.ने दाखविली, किती मुली तीत बसून तालुक्याच्या शाळेस गेल्या, बाजारच्या दिवशी किती कोंबड्या आणि किती पाट्या तीवर चढल्या, ह्याचा हिशेब कोणी करावा? दिनविशेषात तिची एक ओळ असते. आम्ही असतो तर अर्धे पान दिले असते.

आता थोडे मागे जाऊ. १ जून १८७४ ह्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनी कायद्याने विसर्जित झाली. तिचे राज्य १८५८ सालीच राणीकडे गेले होते आणि व्यापार तर त्याआधीच बंद झाला होता. मग मधली सोळा वर्षे ही कंपनी कशावर जगत होती? तर १८३३ च्या कायद्याने असे ठरवून दिले होते की, कंपनीच्या भागीदारांस दर साल शेकडा साडेदहा टक्के नफा हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावा. म्हणजे आपल्या पणज्याच्या पणज्याने नांगर मोडेपर्यंत राबून जो सारा भरला, त्यातून लंडनात बसलेल्या भागीदारांस चाळीस वर्षे घरबसल्या व्याज पोचले. १८७४ च्या जूनमध्ये तो हिशेब मिटला. आणि पुढच्याच सालच्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यात सुपे येथे कुणबी उठले. त्यांनी काय केले? सावकारांच्या घरांतून खतपत्रे बाहेर काढली आणि त्यांची होळी केली. बहुतेक ठिकाणी कागद हाती आला की त्यांचे काम झाले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यातले एक अक्षर आपणांस वाचता येत नाही, तो कागद किती भयंकर असतो हे त्यांस ठाऊक होते. सरकारलाही कळले, म्हणून १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्यात अशी तजवीज झाली की, शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत नेमलेल्या नोंदणी कामगारासमोर व्हावे. ही हकिकत येथे का सांगितली, ते पुढे आपल्या जन्मतारखेच्या कागदाकडे वळू तेव्हा ध्यानात येईल.

१९२० सालची १ जून आपणां सर्वांस पाठ असावी अशी आहे. नागपुरास ३० मेपासून अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती, ती त्या दिवशी संपली. अध्यक्ष होते राजर्षी शाहू छत्रपती आणि तेथे हजर होते एकोणतीस वर्षांचे डॉक्टर आंबेडकर. त्याच सालच्या जानेवारीत छत्रपतींच्या मदतीने 'मूकनायक' निघाला होता, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती आणि जुलैत आंबेडकर पुढील शिक्षणासाठी विलायतेस गेले. त्या सहा-सात महिन्यांवर एक स्वतंत्र भाषण होईल, आज नको.

जन्मांपैकी एकच सांगतो. हिंदी माणसांत जो पहिला सनदी अधिकारी झाला तो सत्येंद्रनाथ ठाकूर, कवि रवींद्रनाथांचा थोरला भाऊ, १ जून १८४२ रोजी जन्मला आणि त्याची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली. श्रीमंत व शिकलेल्या घरी मूल जन्मले म्हणजे तारीख राहते, म्हणून ती आपण मानतो. आणि १९९६ सालच्या १ जूनला दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. स्वतःस शेतकऱ्याचा मुलगा म्हणविणारे देवेगौडा ह्यांनी दिल्लीस पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी माजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी वारले. देवेगौडा अकरा महिनेही टिकले नाहीत. शेतकऱ्याच्या मुलास खुर्ची मिळाली तरी ती कोणाची दुसऱ्याची असते की काय, असे त्या वेळी पुष्कळांच्या मनात आले. असो.

आता आपल्याकडे वळू.

बंधूंनो, आपल्या समाजात जन्माचा दिवस कोणी पाळीत नसे, ही गोष्ट खोटी नव्हे. आपण मरणाचा दिवस पाळतो. तुकोबांचा जन्म कोणत्या साली झाला ह्यावर पंडित आजही भांडतात. पण तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेस, हे देहूच्या पोरासही माहीत असते. नामदेव शिंपी आणि त्यांच्या घरची दासी जनाबाई ह्या दोघांनी एकाच दिवशी, आषाढ वद्य त्रयोदशीस, शके १२७२ मध्ये पंढरपुरास देह ठेवला, असे परंपरा सांगते. आणि दुसऱ्या दिवशीची चतुर्दशी ही अरणच्या सावता माळ्याची. कारागिरांचे, माळ्याकुणब्यांचे दिनविशेष हे असे टाळ-मृदंगावर राहिले. ते कोणाच्या वहीची वाट पाहत बसले नाहीत.

पण सरकारी वही निराळी. तिला तिथी चालत नाही, टाळ चालत नाही, 'सुगीच्या दिवसांत' चालत नाही. तिला तारीख, महिना, सन असे तिन्ही पाहिजेत. आणि गावात लेखणी कोणाच्या हाती? चावडीचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती, घरची पत्रिका जोशाच्या हाती. ज्याच्या घरी जोशी पत्रिका मांडावयास येई त्याच्या मुलाची घटका-पळे लिहिली जात. आमच्या दारी जोशी येई तो लग्नाची दक्षिणा घेण्यापुरता. आमची पत्रिका झाली नाही ह्याचे आम्हांस तिळमात्र दुःख नाही. मंगळ आणि शनी ह्यांच्या तावडीतून आमची पोरे सुटली, हे बरेच झाले. जोतीरावांनी जोशांचे कसब काय असते ते आपल्या बापजाद्यांस दाखवून दिलेच आहे. पण पत्रिका नको म्हणून तारीखही नको, असे होत नाही. ग्रह कोठे होते हे आम्हांस नको. आम्ही कोणत्या दिवशी जन्मलो हे हवे.

मुलाच्या बापाने पोराचा हात धरून त्यास शाळेत नेले म्हणजे काय होई, ते येथील पुष्कळांनी पाहिले आहे. मास्तर विचारीत, जन्मतारीख काय? बाप म्हणे, तारीख कुठली मास्तर, जोंधळा कापणीला आला होता. मास्तर विचारीत, कोणत्या साली? बाप म्हणे, ह्याच्या थोरल्या बहिणीच्या मागनं दोन वर्षांनी. मास्तरांपुढे दहा पोरे रांगेत असत. पहिलीत घ्यावयाचे तर ठरलेले वय पुरे झालेले दाखवावे लागे. शाळेचे वर्ष जूनपासून. तेव्हा जूनच्या पहिल्या तारखेपासून उलटी सहा वर्षे मोजली की सगळे नियमात बसे. मग मास्तर लिहीत, १ जून. पुढच्याची, १ जून. त्याच्या पुढच्याची, १ जून. एका सकाळी एका वर्गात तीस मुले एकाच दिवशी जन्मास येत. देवकीसही असे जमले नाही. (हशा.)

हे सारे ब्राह्मण मास्तरांनी केले, असे जर कोणी म्हणेल तर आम्ही त्यास येथेच थांबवू. आपल्यातले लोक शिकून मास्तर झाले, त्यांनीही हेच केले. कित्येकांनी स्वतःच्या मुलांचेही हेच केले. आणि पुष्कळ मास्तरांनी दयेने केले. तारीख नाही म्हणून पोर परत पाठविले असते तर ते गुरामागे गेले असते. ते वहीत आले, चार अक्षरे शिकले, म्हणून तर आज येथे बसून आमचे भाषण ऐकत आहे. तेव्हा मास्तरांस शिव्या देण्यास आम्ही उभे नाही. मूल जन्मास येण्याच्या दिवशीच त्याची नोंद का झाली नाही, हा आमचा प्रश्न आहे.

बरे, नोंद मुळीच होत नसे असेही नाही. गावच्या नमुन्यांत चौदा नंबरचा एक नमुना असतो, त्यास लोक कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे त्यात चढे. बहुतेक गावी कोतवाल हा महार किंवा दुसऱ्या कोणा गरीब जातीतला माणूस. पगार नावाचा, राबणूक दिवसरात्र. त्याने दारोदार जाऊन आणलेल्या बातमीवर ही नोंद होई. तीत बापाचे नाव असे, जात असे, तारीख असे. पण मुलाचे नाव बहुधा नसे. 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. कारण बारसे व्हावयाचे असे. आज हीच जुनी पाने कुणबी असल्याचा दाखला मिळावा म्हणून तहसील कचेऱ्यांत धुंडाळली जात आहेत. पण एवढ्या शोधात आपल्या आजाची जन्मतारीख कोणी उतरून घेतो काय? जातीच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि पान उलटतात.

आमचीच गोष्ट सांगतो, म्हणजे ह्यात काय जाते ते कळेल. आमचे गाव मुठेच्या काठचे. आमची आई म्हणे, "पानशेत फुटलं तवा तू पोटात व्हतास, पाचवा लागला व्हता. नदीचा आवाज आईकला आन् मी डोंगराकडं पळाले." पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी. आम्ही जन्मलो कार्तिकी एकादशीस, हे तिने शंभर वेळा सांगितले. तिचा उपास त्या दिवशी मोडला होता. पंचांग पाहिले तो नोव्हेंबरचा तिसरा आठवडा निघतो. आता शाळेचा दाखला पाहा : १ जून १९६१. म्हणजे धरण फुटले त्या दिवशी दाखल्याप्रमाणे आम्ही दीड महिन्याचे होऊन पाळण्यात होतो आणि आईप्रमाणे तिच्या पोटात होतो. (हशा.)

नोकरीस लागलो तेव्हा हाच दाखला दिला. दुसरा होता कोठे? नोकरीस वीस वर्षे झाल्यावर गावच्या दप्तरातले ते पान हाती आले. बापाच्या नावापुढे 'मुलगा', महिना नोव्हेंबर. आम्ही आनंदाने तो कागद घेऊन कचेरीत गेलो. तेथील कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, कागद खरा दिसतो, पण नियमाप्रमाणे तारीख बदलण्याचा अर्ज नोकरीस लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावयाचा असतो. त्याने नियम दाखविला. तो तसाच होता.

सरकारी नियम असा की, अठ्ठावन्न वर्षे ज्या महिन्यात भरतील त्या महिन्याच्या अखेरीस घरी जावे. पण ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा त्याने आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून महाराष्ट्रात ३१ मे हा निवृत्तीचा मोठा सण असतो. सरकारी कचेऱ्यांत, शाळांत त्या दिवशी नारळ, शाली आणि हार ह्यांना तोटा पडतो. ही सगळी एक जूनची पोरे. आम्हीही ३१ मे २०१९ रोजी शाल घेऊन घरी आलो. खरी तारीख धरली असती तर नोव्हेंबरअखेर येतो. सहा महिन्यांचा पगार गेला. त्या सहा महिन्यांत धाकट्या मुलीचे लग्न होते, ते कर्ज काढून झाले. आईस हे सांगितले नाही.

खरे बोलावयाचे तर सर्वांचेच नुकसान झाले असे नाही. कोणी आठ वर्षांचा होऊन शाळेत आला आणि मास्तरांनी सहाचा लिहिला, त्यास दोन वर्षे जास्त नोकरी मिळाली. त्याने केक कापावा. पण पोलिसात, लष्करात भरतीस गेलेला जो मुलगा खरा अठराचा, पण कागदावर सतराचा, तो परत येतो. आणि जो कागदावर वयाची हद्द ओलांडून गेला तोही परत येतो. म्हाताऱ्या विधवेस निराधाराची पेन्शन हवी तर तिचे वय एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. आधार कार्ड काढताना ज्यास तारीख ठाऊक नव्हती त्याच्या कपाळी १ जानेवारी आली. म्हणजे शाळेत गेलेले ते एक जूनचे आणि शाळेत न गेलेले ते एक जानेवारीचे, असे आपल्यात दोन गोत्रे झाली आहेत. (हशा.)

आणि भगिनींनो, मुलींचे तर विचारूच नका. बालविवाहास बंदी करणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्या वेळी मुलीस चौदा वर्षे पुरी हवीत असे होते. आता अठरा हवीत. कायदा चांगला. पण ज्या मुलीच्या जन्माची नोंद नाही तिचे वय कोर्टात कोण शाबीत करणार? मांडवात आलेला पोलीस विचारतो, मुलगी किती वर्षांची? मामा म्हणतो, एकोणीस. मुलगी खाली बघते. गावात सगळ्यांस माहीत असते की ती चौदाची आहे. कागद असता तर त्या मांडवातून तीस बाहेर काढता आले असते. आपल्या मुलीची तारीख ही तिची कवडीचीही खर्च नसलेली राखण आहे आणि ती आपण करीत नाही.

मोठ्या माणसांच्याही तारखांचा घोळ झालेला आहे. राजर्षी शाहूंची जयंती पूर्वी पुष्कळ ठिकाणी २६ जुलैस होई. पुढे शोध होऊन २६ जून १८७४ ही मान्य झाली. छत्रपती होते म्हणून शोध झाला. माझ्या तुमच्या बापासाठी कोणती समिती बसणार? उलट एक वही नीट राहिली तर काय होते तेही पाहा. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ ह्या अनुक्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे, दाखल झाल्याची तारीख ७ नोव्हेंबर १९००. ते रजिस्टर कोणी रद्दीत घातले नाही. म्हणून २०१७ साली सरकारने ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन ठरविला. सुभेदाराच्या मुलाची एका शाळेच्या वहीतली एक ओळ आज साऱ्या राज्याचा दिनविशेष झाली आहे.

आपल्या घाटकोपरास तारखा कमी नाहीत. ११ जुलै १९९७ : माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. दर वर्षी तेथे लोक जमतात आणि दहाही नावे घेतात. १२ जुलै २००० : आझाद नगरात मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि झोपड्यांवर पडला. साठांहून अधिक माणसे दगडमातीखाली गेली. आमच्या आईच्या पानशेतचीच ती तारीख. त्या दिवशीच्या किती जणांची नावे आज येथे कोणास सांगता येतील? रमाबाई नगराची दहा नावे राहिली ती लोकांनी ठेवली म्हणून, दुसऱ्या कोणी ठेवली नाहीत.

आता कामाचे. १९६९ च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद सक्तीची आहे. मूल जन्मल्यापासून एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी, त्यास पैसा पडत नाही. दवाखान्यात बाळंतपण झाले तर कळविणे दवाखान्याचे काम. घरी झाले तर घरातल्या कर्त्या माणसाचे. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो आणि मग हेलपाटे सुरू होतात. नोंद जेथे जन्म झाला तेथेच होते. पहिले बाळंतपण माहेरी जुन्नरास किंवा पाटणास झाले असेल तर दाखला तेथून आणावयाचा. येथे एन वॉर्डात जाऊन भांडू नका, त्यांच्याकडे तो असणार नाही. आणि नोंद झाली म्हणजे काम संपले असे समजू नका. बारसे झाल्यावर नाव घालून घ्या. बारा महिन्यांच्या आत ते फुकट होते. नाही तर तुमचेही मूल कोतवाल बुकातल्यासारखे 'मुलगा' होऊन राहील. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलास शाळा, मतदारयादी, आधार, सरकारी नोकरी, सगळीकडे हाच एक दाखला लागणार आहे. आता मास्तरांस दया येऊन भागणार नाही.

जी माणसे एक जूनची होऊन बसली त्यांचे सरकारी कागद आता बहुधा बदलणार नाहीत. पण घरची वही आपल्या हातची आहे. म्हाताऱ्या माणसांस तारीख विचारू नका, ती सांगता येत नाही म्हणून त्या गप्प बसतात. असे विचारा : गांधींस गोळी घातली तेव्हा तुझ्या कडेवर कोण होते? कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे कोण रडत होते? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडावयास गेलीस तेव्हा पाळणा कोठे बांधला होतास? गिरणीचा संप झाला त्या साली कोण रांगत होते? परवा एका बाईने आम्हांस सांगितले, कोयनेच्या वेळी माझी लेक सव्वा महिन्याची होती, मी तिला घेऊन प्रथमच अंगणात आले होते. कोयनेचा धक्का ११ डिसेंबर १९६७ चा. सव्वा महिना मागे मोजा : दिवाळीचे दिवस. बाई म्हणाली, होय की, लक्ष्मीपूजनाला मी बाळंतिणीच्या खोलीत होते! त्या लेकीच्या दाखल्यावर काय आहे ते सांगावयास नकोच.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही येथेच वही घेऊन बसणार आहो. जुनी पंचांगे आणली आहेत. ती मुहूर्तासाठी नव्हेत, तिथीची तारीख काढण्यासाठी. ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचे माणूस आहे त्यांनी त्यांस घेऊन यावे, सोबत मुलानातवंडांचे दाखले आणावे. ज्यांस जिना उतरवत नाही त्यांनी चाळीचे नाव आणि खोलीचा नंबर येथे मास्तरांपाशी लिहून द्यावा. वही आम्ही घरी घेऊन येऊ. मावशी, तुमचे नाव आधी लिहू काय?